झोपेत पास

जितक्या नोकऱ्या माह्या हातून गेल्या, तितक्या झोपेपायी गेल्या. पोंभुर्ण्याच्या लाकूड डेपोवर चौकीदार होतो. एक दिवस दुपारचा झोपलो. डोळे उघडले तं सगळं सागवान जागच्या जागी. मी खुश. मग पाहतो तं मी जमिनीवर पडून. माही खुर्ची चोरीले गेल्ती, माह्या खालून. मालक म्हणे, "ज्याले सोताची खुर्ची सांभाळता येत नाई, थो माहं लाकूड काय सांभाळीन?" त्याचं बोलणं बराबर होतं. मी त्याले तसं म्हटलंही. त्यानं आणखीच लवकर काढलं.

पण एक नोकरी अशी भेटली का थे झोपेपायीच टिकली. थे आमच्या सायेबापायी.

सायेब म्हंजे पुण्याकडचे इंजिनेर, बुढे, पांढरी दाढी. गोंडपिपरीच्या रस्त्यावर एका कंपनीचं मोठं काम निघालं होतं. हापीस, क्वार्टर, मीटिंगचा हॉल, सगळं एकाच आवारात. त्याले थे लोक क्यांपस म्हणत. मी बहुत दिवस कंपासच म्हणे. शाळेचं तोंड मी बाहेरूनच पाह्यलं, पण कंपासमधी चौकीदाराची नोकरी लागली म्हणून गावात सांगत फिरलो.

अन सायेबाचा हट्ट असा का या अख्ख्या कंपासमधी एसी नाई लावायचा. वीज सूर्याची घ्यायची अन गारवा जमिनीतला. हे कुठी? तं आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिथी मे महिन्यात कुत्रं सावली सोडून भुंकाले जात नाई, सावलीत बसूनच भुंकते.

पहिल्या दिवशी सायेब आले तं पायात चप्पल नाई, डोक्शाले ओलं पांढरं फडकं, अन हातात पेटलेली अगरबत्ती. नुसत्या माळावर अगरबत्ती धरून उभे. चार पावलं चालत, थांबत, धुराकडे पाहत, पुन्हा चालत. मी टोपी काढली अन पाया पडलो. वाटलं, कोणी पोचलेला बाबा हाय.

सायेब म्हणे, "अहो, इथे वारं कुठून येतं?"

आता आमच्याइथी 'वारं येणं' म्हंजे काय, थे तुम्हाले माहीत हाय. मी म्हटलं, "माह्या सासूच्या आंगात येते जी."

सायेब माह्याकडे पाहत राह्यले. "सासूच्या?"

"हो जी. दर मंगळवारी."

"फक्त मंगळवारी? बरं. आणि दिशा कोणती?"

"दिशा कायची जी? एकदा घुमाले लागली का चारही दिशा."

सायेबाले वाटलं, गावात कोणी बुढी हाय जिले वाऱ्याची जाण हाय. मंगळवारी मी त्याहीले सासूच्या घरी घेऊन गेलो. सासू केस मोकळे सोडून घुमून राह्यली होती. सायेब समोर बसले अन हात जोडून म्हणे, "आई, मे महिन्यात दुपारी वारं कुठल्या बाजूनं येतं, तेवढं सांगा."

सासू थांबली. आजवर कोणी हरवलेली गाय पुसली, कोणी पोरीचं लगन पुसलं. हा सवाल तिले नवा होता. तिनं उलसक इचार केला अन गरजली, "मले कोंबडी पाह्यजे!"

"वाऱ्याला कोंबडी कशाला?" सायेबानं मले इचारलं. मी म्हटलं, "दारूही लागते जी." थे गुपचूप उठले. बाहेर येऊन अगरबत्ती पेटवली अन म्हणे, "हीच बरी. हिला काही लागत नाही."

गावात तोवर गोष्ट फिरली का कंपनीनं भूत काढाले पुण्याहून मांत्रिक आणला. त्यात सायेबाले वारूळ पाहायचा नाद. झुडपात मोठं वारूळ दिसलं का गाडी थांबवत, खाली बसत, त्याच्या भोकापाशी अगरबत्ती धरत अन धूर आत जाते का बाहेर येते, थे पाहत. म्हणत, "बघा, वाळवी एवढीशी, पण बाहेर आग आणि हिच्या घरात गारवा. हिनं कुणाला बिल भरलंय?" दुसऱ्या दिवशी त्या वारुळावर हळद-कुंकू. तिसऱ्या दिवशी नारळ. सायेब पुन्हा पाहाले गेले तं भोकच दिसे ना. म्हणे, "तुमच्या गावानं व्हेंटिलेशन बंद केलं हो."

थो नारळ मीच खाल्ला. व्हेंटिलेशनसाठी.

सायेबाची दुसरी आदत म्हंजे भिंतीले गाल लावणं. कोणतीही भिंत दिसली का जात, डोळे मिटत अन गाल टेकवत. मंग म्हणत, "तापलीय" नाई तं "शहाणी आहे." माही बायको तिथीच कामाले होती, झाडणं-पुसणं अन चहापाणी तिच्याकडे. तिनं पहिल्या दिवशी पाह्यलं अन मले येऊन सांगते, "तुमचा सायेब भिंतीचा मुका घेते."

मी म्हटलं, "मोठ्या शहरातले लोक असतात तसे."

"असू दे," थे म्हणे. "लगनाले इतके वर्षं झाले, तुमी कधी इतक्या मायेनं भिंतीकडेही नाई पाह्यलं. माह्याकडं तं सोडाच."

एकदा सायेबाले मी घरी जेवाले बोलावलं. बायकोनं वडा-भात केला, शेजाऱ्याकडून टेबल फॅन मांगून आणला. सायेब आले अन पहिले फॅन बंद केला. "पंखा खोटं बोलतो. खरं काय ते कळू द्या." मग कळलंच. टिनाचं छप्पर, चूल पेटलेली, मी अन बायको घामानं निथळून राह्यलो, अन सायेब भिंतीले गाल लावून म्हणतात, "नापास." जेवण केलं, दोनदा भात घेतला, अन जाता जाता पुन्हा म्हणे, "वडे उत्तम. घर नापास." बायकोनं थे मनावर घेतलं नाई. म्हणे, "मंग काय झालं? घरधनीही नापासच हाय."

आता झोपेचं सांगतो.

भिंती उभ्या होऊन राह्यल्या होत्या. सायेबानं त्या पोकळ बांधल्या होत्या, दोन विटांच्या मधी जागा सोडून. मी एका अर्ध्या खोलीत कोपऱ्यात झोपलो होतो. डोळे उघडले तं सायेब डोक्याशी उभे. मी ताडकन उठलो. "सायेब, चुकलो. उद्यापासून नाई येत."

"हलू नका," सायेब म्हणे. त्याहीनं माह्या कॉलरले हात लावला. "कोरडी आहे. किती वेळ झोपला होता?"

"थे मले कसं माहीत राहीन जी? मी झोपलो होतो."

सायेब हासले. थे बहुत कमी हासत, पण हासले का दाढी हाले. म्हणे, "ही खोली पास. चला, आता शेजारच्या खोलीत झोपा."

तेव्हापासून माही नोकरी थेच. दुपारी जेवण झालं का सायेब खोली दाखवत, मी झोपत जाये, अन थे येऊन कॉलर तपासत. कोरडी असली का पास, ओली असली का नापास. आधी थे नुसतं 'झोप लागली का' इतकंच पाहत. पण मी उन्हातल्या ट्रकच्या बोनेटवरही घोरतो हे त्याहीनं एकदा पाह्यलं अन म्हणे, "तुमच्या झोपेवर भरवसा नाही. घामावर आहे." जिंदगीत माह्या घामावर कोणी भरवसा ठेवला, थो सायेबानं. दुसऱ्या कोणी माहा घाम पाह्यलाच नव्हता.

ठेकेदार जळे. म्हणे, "मी दिवसभर उन्हात मरतो, अन हा झोपून पगार घेते." मी म्हटलं, "भाऊ, जोखमीचं काम हाय. एखाद्या दिवशी झोप नाई आली तं?"

अन सायेबाले सोताले झोप येत नव्हती. रात्री नाई, दिवसा नाई. मी एकदा इचारलं, "सायेब, तुमीच काऊन नाई झोपून पाहत?" सायेब म्हणे, "डोळे मिटले की मला ड्रिलचा आवाज येतो."

मले समजलं नाई. मंग त्याहीनं सांगतलं. आजवर जितकी हापिसं, हॉस्टेलं बांधली, थ्या सगळ्याहीत असंच झालं. बांधून देऊन घरी गेले का पाठीमागून एसीवाला येते. भिंतीले भोक पाडते, नळी टाकते, बाहेर डबा टांगते. खिडक्या बंद होतात, पडदे लागतात, अन सायेबाची बिल्डिंग म्हंजे नुसता खोका. "कुठेतरी, कोणीतरी, आत्ता माझ्या भिंतीला भोक पाडतंय," सायेब म्हणे. "डोळे मिटले की तेच ऐकू येतं. ही माझी शेवटची आहे हो. हिला तरी भोक पडू नये."

मी म्हटलं, "आपण इथी बसून राहू जी. ड्रिलवाला आला तं मी त्याले झोपवून देईन." सायेब हासले नाई.

एसीवर मात्र त्याहीचं तोंड सुटे. म्हणत, "तुमच्या चंद्रपुरात कोळसा खणायचा, तो जाळून वीज करायची, वीज जाळून एका माणसाची खोली गार करायची, आणि त्या खोलीतली गरमी बाहेर गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर सोडायची. याला म्हणे सोय!" मी म्हटलं, "गेटवरचा माणूस म्हंजे मीच नं जी?" सायेब म्हणे, "तुम्हीच. पण तुम्ही गेटवर असता कुठे?"

सायेबाचा सगळ्यात मोठा जीव होता भुयारात. तलावाच्या बाजूले मोहाचं मोठं झाड हाय. त्याच्या सावलीत एक गजांचा दरवाजा, तिथून हवा आत घ्यायची. मंग जमिनीच्या खालून विटांचं लांब भुयार, माणूस वाकून चालीन इतकं, थे नीट मीटिंगच्या हॉलखाली निघते. खोल मातीत हवा विहिरीवानी थंड होते अन हॉलच्या फरशीतल्या जाळीतून वर येते. गरम हवा छतावरच्या उंच चिमणीतून निघून जाते, अन थे निघते म्हणून खालची ओढल्या जाते. मशीन नाई, मोटर नाई. सायेब म्हणत, "ही बिल्डिंग श्वास घेते." मले एकाएकी भीतीच वाटली होती. मी इतके दिवस त्या बिल्डिंगच्या पोटात झोपून राह्यलो होतो.

भुयाराची परीक्षा मले द्यायची नव्हती. सायेबाची सख्त ताकीद, "इथे झोपायचं नाही. माणूस आडवा पडला की हवा अडते." पण मी एकदा दरवाजाच्या आतल्या कोनाड्यात, जिथी हवा अडत नाई अशा बाजूले, पाठ टेकून पाह्यली. काय सांगू! आमच्या सासूच्या आंगात जे येते थे माह्या आंगात आलं. नंतर तिथी मी एक ब्लँकेटही नेऊन ठेवलं. थे कंपनीनं चौकीदाराले थंडीत दिलं होतं.

मंग आला मे महिना, अन मोठे सायेब यायचं ठरलं. मोठे सायेब म्हंजे कंपनीचे मालकच समजा. त्याहीच्या मनात एसी होता. त्याहीनं साफ सांगतलं होतं, "मी येईन, दुपारी हॉलमधी बसीन. गरमी झाली तं उद्यापासून एसी." अन एसीवाला नागपूरहून आधीच येऊन बसला होता. त्याचा ट्रक गेटजवळ उभा, त्यात डबे, तांब्याच्या नळ्या, अन वरतीच मोठी ड्रिल मशीन. सायेब त्या ट्रकाकडे पाहत नव्हते. पण येता-जाता चेहरा असा करत जसं कोणी दातावरून खिळा ओढून राह्यलं.

त्या दिवशी सायेबानं मले बोलावलं. "आज झोपायचं नाही. गेटवर ताठ उभं राहायचं. आज एक दिवस."

"सायेब, माह्यावर भरवसा ठेवा."

सायेबानं माह्याकडे अशा नजरेनं पाह्यलं जशी थे टिनाच्या छपराले पाहत.

मी खरोखर उभा राह्यलो. गाड्या आल्या, मी सलाम मारला. मोठे सायेब आत गेले. एसीवाला पाठीमागून गेला, हातात गरमी मोजायचं यंत्र घेऊन. अन मंग मले चक्कर याले लागली. ऊन असं तपून राह्यलं होतं का गेटचा खांब मले वाकडा दिसून राह्यला होता. मी म्हटलं, उलसक मोहाच्या सावलीत जातो. सावलीत गेलो तं म्हटलं, उलसक दरवाजा उघडून हवा घेतो. हवा घेतली तं म्हटलं, उलसक बसतो. पुढचं मले माहीत नाई. पुढचं बायकोनं सांगतलं, कारण थे चहाचा ट्रे घेऊन हॉलमधी उभी होती.

हॉलमधी सगळे बसले होते. मोठ्या सायेबानं कोट काढला नव्हता. एसीवाला यंत्र पाहून खाकरत होता, काऊन का यंत्र त्याच्या बाजूनं बोलून नाई राह्यलं होतं. आमचे सायेब भिंतीले पाठ लावून उभे होते, हातात न पेटवलेली अगरबत्ती. मोठे सायेब म्हणे, "ठीक तो है... बुरा नहीं है."

तेवढ्यात फरशीतल्या जाळीतून आवाज आला. घर्रर्र... मंग उलसक थांबून, घर्रर्र... मंग शेवटी एक शिट्टी.

एसीवाला उभाच झाला. "ऐका सर! ऐका! खाली मशीन आहे! कॉम्प्रेसर लपवलाय यांनी. म्हणे जमिनीतला गारवा! आज तुम्ही येणार म्हणून भाड्यानं आणून बसवलंय."

मोठ्या सायेबाचं तोंड लाल झालं. "इंजिनेर साहेब, हे काय आहे? माझ्याशी लबाडी?"

आमचे सायेब जाळीपाशी वाकले, कान लावला. जिंदगीभर ज्यानं मशीन लावू दिली नाई, त्याच्या जमिनीतून मशीनचा आवाज! शेवटच्या बिल्डिंगवर चोर म्हणून शिक्का बसाची वेळ आली होती, अन ट्रकवर ड्रिल मशीन तयार होती.

पुन्हा घर्रर्र आलं. अन शेवटी शिट्टी.

माह्या बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला. पदर खोचला. म्हणे, "सायेब, थे मशीन नोहे."

"मग काय आहे?"

"त्या मशीनसोबत माहं लगन झालं हाय."

कोणाले समजलं नाई. तिनं पुन्हा सांगतलं, "माहा नवरा हाय जी थो. तुमचा चौकीदार. शिट्टी ऐकली नं? थे डाव्या कुशीवर झोपला का येते."

मले जाग आली तं दरवाजा उघडा, बाहेर आग ओतल्यासारखं ऊन, अन त्या उजेडात कोट घातलेले, टाय लावलेले, सगळे वाकून माह्याकडे पाहून राह्यलेले. मी गळ्यापावेतो ब्लँकेट ओढून पडलो होतो. समोर बायको. मी तिले म्हटलं, "चहा झाला का?"

मोठे सायेब म्हणे, "ए! तू ब्लँकेट का घेतलंय?"

मी उठून बसलो, ब्लँकेट सोडलं नाई. म्हटलं, "सायेब, थंडी वाजते."

मे महिना, दुपार, गोंडपिपरीचा माळ, अन माणूस म्हणते थंडी वाजते. एसीवाला म्हणे, "नाटक आहे सर. पढवून ठेवलंय." बायको फणकारली, "ह्याले पढवता आलं असतं तं हा इथी चौकीदार राह्यला असता काय?"

मोठे सायेब पुढं आले. डोकं आत घातलं. त्याहीचा टाय हवेनं भुयाराकडे उडाला. थे तसेच थांबले. मंग पूर्णच आत शिरले अन माह्या बाजूले कोनाड्यात बसले, कोट घालून. बहुत वेळ बसले. मंग मले म्हणे, "थोडा इकडे दे." मी ब्लँकेटचं एक टोक त्याहीले देलं.

सगळे आता आमच्या सायेबाकडे पाहून राह्यले होते, का आता चौकीदाराले काढते का मारते. सायेब पुढं आले. माह्या कॉलरले हात लावला. मंग मोठ्या सायेबाच्या कॉलरले हात लावला.

"पास," थे म्हणे.

मोठे सायेब बाहेर आले तेव्हा एसीवाल्याले इतकंच म्हणे, "एक साल देखते हैं." सोताच्या केबिनमधल्या एसीचं काही बोलले नाई. पण ट्रक गेला. जाण्याच्या आधी ट्रकचा ड्रायवर मले हळूच इचारत होता, "भाऊ, आत आणखी एखादी जागा होईन का?"

गाड्या गेल्यावर सायेबाची टॅक्सी उभी राह्यली. त्याहीले नागपूरले गाडी पकडायची होती. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून राह्यला, अन सायेब कुठी दिसे ना. मी हापिसात पाह्यलं, चिमणीखाली पाह्यलं, वारुळापाशी जाऊन आलो. बायको हॉल पुसून राह्यली होती. तिनं बोट तोंडावर ठेवलं अन फरशीकडे दाखवलं.

जाळीतून आवाज येत होता. माह्यापेक्षा मोठा. शिट्टी नाई, पण दम मोठा, जुन्या बुलेटसारखा.

मी मोहाखाली गेलो. दरवाजा उघडून पाह्यलं. सायेब कोनाड्यात माहं ब्लँकेट ओढून पडले होते, अगरबत्ती हातातच. ट्रक गेला होता, ड्रिलही गेली होती. टॅक्सीवाला म्हणे, "उठव नं बे, गाडी सुटीन." मी म्हटलं, "सुटू दे. गाडी उद्याही भेटीन, ह्या बुढ्याले झोप कित्येक वर्षांत भेटली नाई."

मी दरवाजा ओढून घेतला अन बाहेर उन्हात उभा राह्यलो. ताठ. त्या दिवशी सकाळी जसा उभा राहाले सांगतलं होतं, तसा. घाम डोळ्यात जाऊन राह्यला होता, टोपी तापली होती, अन कॉलर तं पार पिळून घ्यावी इतकी ओली. पण हाललो नाई.

उलसक वेळानं दरवाजा सरकवून हात आत घातला. सायेबाची कॉलर चाचपली.

कोरडी.

मी हळूच म्हटलं, "पास."